हेलिपॅड संध्याकाळी साफ, सकाळी पुन्हा बर्फ: नेमकं कुठे बघायचं?

तक्रार ठरलेली असते. "भाऊ, रात्रभर हीटिंग चालू होतं, झोपायच्या आधी पॅड कोरडं दिसत होतं, आणि सकाळी पाय ठेवला तर सरळ आडवा." डिसेंबर ते मार्च हा फोन पहाडातल्या कुठल्या ना कुठल्या साईटवरून येतोच. फोन करणाऱ्याची मागणीही ठरलेली: पॅडच्या काँक्रीटखाली टाकायला जास्त वॅटची हीटिंग केबल पाठवा, नाहीतर बर्फावर टाकायला काहीतरी पाठवा. माझं म्हणणं असं की दोन्हीची ऑर्डर देण्याआधी जरा थांबा. पहिल्यांदा पडलेला बर्फ वितळला नाही तर उष्णता कमी पडली असं म्हणता येईल. पण एकदा वितळून पुन्हा आलेला बर्फ म्हणजे पॅडवरून न गेलेलं पाणी. त्यावर वॅट वाढवून फक्त बिल वाढतं.

नाशकात बसून बर्फाच्या गप्पा कसल्या, असं कोणी विचारेल म्हणून सांगून टाकतो. अंबड एमआयडीसीत आमचं काम हीट ट्रेसिंगचं. फर्नेस ऑइलच्या लाईनी गरम ठेवायच्या, टाक्यांना केबल गुंडाळायची, त्यांचे कंट्रोल पॅनल बनवायचे. तेच तंत्र पुढे हिमाचल आणि लडाखच्या बाजूला हेलिपॅडच्या काँक्रीटखाली गेलं. हेलिकॉप्टर तसं नाशिककरांना नवं नाही. गांधीनगरला लष्कराची हेलिकॉप्टर वैमानिकांची शाळा २००३ पासून आहे, आणि ओझरचा एचएएलचा विमानांचा कारखाना त्याहून कितीतरी जुना, १९६४ चा. पण आपल्याकडे हेलिपॅड म्हटलं की डोकेदुखी धुळीची. मंत्री यायचे असले की आदल्या दिवशी मुरूम दाबायचा, चुन्याने गोल आखून त्यात एच काढायचा, आणि सकाळी टँकरने पाणी मारून धूळ बसवायची. पहाडात हेच पाणी मारलं तर दुपारपर्यंत स्केटिंग करता येईल.

सकाळचा बर्फ कोणता, ते आधी ठरवा

"बर्फ आहे" एवढ्यावर काही कळत नाही. उजाडताना, ऊन यायच्या आत, पॅडवर उभं राहून बघावं लागतं. रात्री पडलेला भुरभुरीत बर्फ तसाच असेल तर हीटिंग चाललंच नाही किंवा उशिरा चालू झालं. पारदर्शक थर असेल, ज्याला आमची साईटवरची पोरं नुसतं "काच" म्हणतात, तर वितळलेलं पाणी गोठलंय. पांढरी, खरखरीत, नखाने खरवडून निघणारी साय असेल तर ते गोठलेलं दव. आणि मधला भाग कोरडा, फक्त कडेला जाड बांध असेल तर निचरा तुंबलाय. चारही प्रकारांची दुखणी वेगळी आहेत, औषधंही वेगळी.

गोठलेलं दव सगळ्यात जास्त फसवतं, कारण त्या रात्री आभाळातून काहीच पडलेलं नसतं. पॅनलवर हवेचं तापमान दोन अंश दिसतं, मग पॅडवर बर्फ कसा, असा वाद सुरू होतो. निफाडच्या द्राक्षवाल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, अशा रात्री जमीन आणि पानं आपली उष्णता सरळ आभाळाकडे सोडतात आणि हवेपेक्षा काही अंशांनी जास्त गार होतात. म्हणूनच पारा खाली आला की बागेत शेकोट्या पेटतात, पहाटे ठिबक चालू होतं, आणि हवामान खात्याचा आकडा शून्याच्या वर असतानाही पानांवरचे दवबिंदू गोठतात. हेलिपॅडचं काँक्रीट उघड्या माळावर पडलेलं असतं, त्याला आडोसा नाही. तेही तसंच गार होतं. कंट्रोलर जर हवेच्या तापमानावर चालत असेल, किंवा खांबावरचा सेन्सर "काही पडतंय का" एवढंच बघत असेल, तर अशा रात्री तो स्वस्थ झोपलेला असतो. उपाय म्हणजे पृष्ठभागाचं तापमान मोजणारा, काँक्रीटच्या वरच्या थरात बसवलेला सेन्सर, आणि त्याची मर्यादा शून्यावर न ठेवता तीन-चार अंशांवर. काहीच जमत नसेल तर निरभ्र रात्री हीटिंग हाताने चालू करायचा नियम पॅनलच्या दारावर लिहून चिकटवा. आम्ही तो मराठीत आणि हिंदीत दोन्हीत चिकटवतो.

उरलेला बर्फ वाचता येतो

थर्मल कॅमेरा असेल तर उत्तमच. नसला तरी अडत नाही, कारण बर्फ अर्धवट वितळत असतानाचा मोबाईलवरचा फोटो जवळपास तेच काम करतो. एकाच जागेवरून, शक्यतो छतावरून किंवा शिडीवरून, हीटिंग चालू झाल्यावर तासाभराने काढलेला.

एकच अरुंद पट्टा पांढरा राहिला असेल तर एक केबल गेली. पॅडचा बरोबर तिसरा हिस्सा पांढरा असेल तर फेज उडालाय किंवा त्या झोनचा कॉन्टॅक्टर, म्हणजे पॅनलमधला मोठा स्विच, ओढत नाही. हा फोटो आला की मी पुढचं काही विचारत नाही, आधी फ्यूज बघायला सांगतो. सगळं पॅड सारखंच पण हळूहळू वितळत असेल तर व्होल्टेज किंवा उशीर. फक्त कडेचा हात-दीड हात भाग पांढरा असेल तर स्लॅबच्या कडेला इन्सुलेशन नाही आणि उष्णता बाजूच्या मातीत चाललीय. उन्हाळ्यात कडेने चर खोदून पन्नास मिलिमीटरचा एक्सपीएसचा (कडक फोमचा) बोर्ड उभा पुरला की ते बऱ्यापैकी आटोक्यात येतं. आणि पांढरे गोल ठिपके दिसत असतील, तर तिथे कोणीतरी नंतर ड्रिल मारलंय का, ते विचारा. लाईटचे बोल्ट, दोर बांधायच्या कड्या, जाळीचे खांब. केबल जेमतेम पाच-सात सेंटिमीटर खाली असते आणि ड्रिलवाल्याला कोणी नकाशा दाखवलेला नसतो.

कडेच्या बांधाचं मात्र वरच्या यादीत भागत नाही. त्याकडे स्वतंत्र यायला हवं.

पाणी जातं कुठे?

थोडं गणित करू, कारण त्याशिवाय माझं म्हणणं हट्टाचं वाटेल.

शून्य अंशावरचा एक किलो बर्फ वितळवायला ३३४ किलोज्यूल लागतात. म्हणजे एका युनिट विजेत पावणेअकरा किलो. ताजा, हलका बर्फ दहा सेंटिमीटर पडला, त्याचं वजन घनमीटरला शंभर किलो धरलं, तर चौरस मीटरवर दहा किलो होतात आणि ते वितळवायला साधारण ०.९३ युनिट लागतं. आता तो सगळा बर्फ वितळला, बहुतेक पाणी वाहून गेलं, आणि पॅडवर फक्त एक मिलिमीटरचा ओलावा उरला. दिसायला नुसतं ओलं. चौरस मीटरला एक किलो पाणी. ते वाफ करून घालवायचं तर सुमारे २,५०० किलोज्यूल लागतात, वितळवण्याच्या साडेसातपट. म्हणजे ०.७ युनिट. दहा सेंटिमीटर बर्फ वितळवायला जेवढी वीज लागली, त्याच्या पाऊण भाग वीज नुसता ओलावा वाळवायला! पंधरा बाय पंधरा मीटरच्या पॅडला हे दीडशे युनिटच्या पुढे जातं. रबरी पट्टीचे दोन मोठे वायपर, जे आपल्याकडे मंगल कार्यालयात फरशी धुतल्यावर वापरतात ते, आणि दोन माणसं, हे काम थोड्या वेळात करतात. डिझेल न जाळता.

पण वायपर मारायचा तर पाण्याला जायला जागा पाहिजे. हेलिपॅडच्या उतराला वरची मर्यादा असते: आंतरराष्ट्रीय नियमात टेकायच्या जागेचा उतार कुठल्याही दिशेला दोन टक्क्यांपेक्षा जास्त नको, आणि तरी पाणी साचता कामा नये. पंधरा मीटरला दीड टक्का म्हणजे साडेबावीस सेंटिमीटरचा फरक. कागदावर हा उतार सगळीकडे असतो. काँक्रीट ओतताना मिस्त्रीने पट्टी कशी फिरवली त्यावर खरं काय ते ठरतं. तपासायची रीत अगदी साधी: मे-जूनमध्ये पॅडवर बादल्यांनी पाणी ओता, दहा मिनिटं थांबा, आणि जिथे डबकं उरेल त्याच्या कडेने खडूने रेघ मारा. हिवाळ्यात काच नेमकी त्या रेघांच्या आतच सापडते. खडूच्या रेघांचा फोटो ठेवा आणि पुढच्या जानेवारीतला फोटो शेजारी लावा, ठेकेदाराशी बोलायला मग फार शब्द लागत नाहीत.

डबकी आणखी एका कारणाने तयार होतात, आणि ते कारण बहुतेक साईटवर शेडच्या भिंतीला टेकून उभं असतं: पहार. काच निघत नाही म्हणून कोणीतरी पहारीने फोडतं. बर्फासोबत काँक्रीटची खपली निघते. त्या खळग्यात पाणी साचतं, गोठताना नऊ टक्क्यांनी फुगतं, खळगा वाढतो, पुढच्या वेळी काच जाड येते, पहार जोरात बसते. तीन-चार हिवाळ्यांत पृष्ठभाग चाळणी होतो. सुटलेली खडी पुन्हा हेलिकॉप्टरच्या पंख्याच्या वाऱ्यात उडते ती वेगळीच. प्लास्टिकचं किंवा रबरी धारेचं फावडं ठेवा आणि पहार कुलपात टाका.

आता कडेचा बांध. पॅड गरम, पण पॅडच्या कडेचा चर, त्यावरची जाळी आणि पुढचा पाईप थंड. पाणी गरम स्लॅबवरून उतरतं, थंड चरात शिरतं, तिथेच गोठतं. पहिल्या दिवशी पातळ, चौथ्या दिवशी चर भरून वर, आणि मग बांधामागे पाणी तुंबून उलटं पॅडवर चढतं. नकाशात हीटिंग केबल पॅडच्या कडेला संपलेली असते, कारण निविदेत "पॅडचं हीटिंग" एवढंच लिहिलेलं असतं. चर आणि पाईप सिव्हिलवाल्याच्या कामात गेलेले असतात. दोन ठेकेदारांच्या मधे पाणी गोठतं! चरात आणि पाईपमध्ये स्वतःहून वॅट कमी-जास्त करणारी सेल्फ रेग्युलेटिंग केबल टाकावी लागते, थेट पाईपचं तोंड उघड्यावर पडतं तिथपर्यंत. तोंडाशी दोन फूट केबल वाचवली की तिथेच बूच बसतं.

आणि सगळ्यात स्वस्त दुरुस्ती: ढीग कुठे टाकता ते बघा. सकाळी फावड्याने काढलेला बर्फ जवळ पडतो म्हणून पॅडच्या वरच्या अंगाला लोटला जातो. दुपारी ऊन येतं, ढिगाचा पाया पाझरायला लागतो, बोटाएवढी धार पॅडवरून सरकत जाते. चार वाजता डोंगराची सावली पडते आणि ती धार जागच्या जागी गोठते. हीटिंगवाल्याला शिव्या बसतात, पण हीटिंग बिचारं दुपारी बंदच असतं, ऊन आहे म्हणून. ढीग खालच्या अंगाला, वाऱ्याच्या पलीकडे आणि हेलिकॉप्टरच्या येण्याजाण्याच्या वाटेबाहेर टाकायचा. वरच्या अंगाला एक उथळ चर खणायचा, म्हणजे डोंगरावरून येणारं पाणी वळतं. ह्या दोन कामांनी काच येणं थांबलेली पॅडं मी बघितली आहेत, आणि तिथे एक मीटरही केबल वाढवावी लागली नव्हती.

वीज: मीटर लावल्याशिवाय बोलू नका

चौरस मीटरला ३०० ते ५०० वॅट असा साधारण हिशोब असतो. ४०० धरला तर २२५ चौरस मीटरला ९० किलोवॅट होतात, ४१५ व्होल्टला प्रत्येक फेजवर सुमारे १२५ अँपिअर. टाँग टेस्टर, म्हणजे तारेभोवती धरून करंट मोजायचा चिमटा, लावा आणि तिन्ही फेज लिहा. एक शून्य असेल तर उत्तर मिळालं.

तिन्ही सारखे पण कमी असतील तर व्होल्टेज बघा. हीटिंग केबलचा वॅट व्होल्टेजच्या वर्गाने घसरतो. ४१५ च्या जागी ३६० मिळत असतील तर व्होल्टेज कमी झालं तेरा टक्के, पण उष्णता कमी झाली पंचवीस टक्के, ९० किलोवॅटचे ६८ राहिले. लांबच्या गावातली लाईन, त्यात सगळ्या गावाचे हीटर एकाच वेळी चालू. पहाटे व्होल्टेज पडणारच. डीजीवर (डिझेल जनरेटरवर) चालत असाल तर तीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास असतो हे ध्यानात ठेवा. खाली पुरेसा वाटलेला डीजी वर जाऊन धापा टाकतो. कॉन्टॅक्टर आणि ब्रेकरचे छापील आकडेसुद्धा बहुधा २,००० मीटरपर्यंतच धरलेले असतात, त्यावर उतरते घ्यावे लागतात. सगळे झोन एकदम चालू करण्याऐवजी मधला भाग आधी, कडा नंतर, असा टायमर लावला तर तोच डीजी पुरतो.

"दुपारी चालतं, पहाटे आरसीसीबी उडतो" (आरसीसीबी म्हणजे वीज गळली की सर्किट तोडणारा स्विच) ही तक्रार आली की मला फारसा संशय राहत नाही: जोडात पाणी शिरलंय. गरम होणारी केबल आणि पॅनलकडे जाणारी थंड शेपटी यांचा जोड, किंवा जंक्शन बॉक्सची ग्लँड. खनिज इन्सुलेशनच्या केबलचं तोंड थोडा वेळ जरी उघडं राहिलं तरी आतली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड हवेतली ओल ओढून घेते. सर्किट सोडवून, पॅड ओलं असताना, मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) मारा. दुपारी कोरड्या पॅडवर मारलेला मेगर छान आकडा दाखवतो आणि सगळ्यांची दिशाभूल करतो. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी काढून १०० चा टाकणं, किंवा तो "तात्पुरता" बायपास करणं, हा प्रकार कुठल्याही साईटवर दिसला तर मी हीटिंग बंद ठेवायला सांगतो. ओल्या पॅडवर माणसं उभी असतात, तिथेच इंधन भरलं जातं. एक दिवस उड्डाण रद्द झालेलं परवडेल.

केबलऐवजी गरम पाण्याच्या नळ्यांचं हीटिंग असेल तर मेगरऐवजी दोन गोष्टी: ग्लायकॉलचं (पाणी गोठू नये म्हणून मिसळलेल्या द्रवाचं) प्रमाण आणि लाईनमधली हवा. प्रॉपिलीन ग्लायकॉल तीस टक्के असेल तर उणे तेरा-चौदाच्या आसपास गोठायला लागतं, पन्नास टक्क्यांना उणे तीसच्याही खाली टिकतं. गळती झाली की कोणीतरी साधं पाणी भरतं आणि प्रमाण उतरतं. रिफ्रॅक्टोमीटरने थेंब तपासा.

उशिरा उठणारा, लवकर झोपणारा कंट्रोलर

पंधरा सेंटिमीटर जाडीचा स्लॅब चौरस मीटरला ३६० किलो भरतो. तो उणे आठवरून अधिक दोनपर्यंत आणायलाच जवळजवळ ०.९ युनिट जातं. म्हणजे बर्फ वितळवण्याइतकीच वीज आधी दगड तापवायला. ४०० वॅटने हे सव्वादोन तासांचं काम, तेही सगळी उष्णता वर आली तर. त्यामुळे बर्फ पडायला लागल्यावर चालू होणारी यंत्रणा पहिले दोन-तीन तास हरलेलीच असते. कडाक्याच्या दिवसांत स्लॅब कमी शक्तीवर शून्याच्या जरा वर ठेवा, किंवा हवामानाचा अंदाज बघून आदल्या संध्याकाळी चालू करा.

बंद व्हायचीही घाई असते. जमिनीत बसवलेला सेन्सर आपल्या हातभर जागेतला ओलावा बघतो. तो कोरडा झाला की कंट्रोलर समजतो काम झालं, आणि पलीकडे अर्धं पॅड ओलं असतं. पोरं फावडं मारायला सुरुवात करतात तीही पॅनलच्या बाजूने, जिथे नेमका सेन्सर असतो. पहिल्या पाच मिनिटांत सेन्सर साफ, हीटिंग बंद, आणि उरलेल्या पॅडवर हाताने काम. सेन्सरवरचा बर्फ शेवटी काढायचा. बंद होण्याआधीचा जादा वेळ दोन-तीन तासांचा ठेवायचा. आणि हेलिकॉप्टर उतरताना पंख्याच्या वाऱ्याने सेन्सर वाळतो किंवा त्यावर आजूबाजूचा बर्फ येऊन पडतो, तेव्हा उड्डाणाच्या आधी आणि नंतर यंत्रणा हातात घ्या, ऑटोवर सोडू नका.

मीठ, युरिया, वाळू

मीठ नको. स्वस्त आहे, किराणा दुकानात मिळतं, रस्त्यावर चालतं. पण हेलिकॉप्टरमध्ये अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियमचे मिश्रधातू भरलेले असतात, आणि खारं पाणी वाऱ्याने उडून सांध्यासांध्यांत आणि वायरिंगच्या जोडांत शिरतं. शिवाय उणे नऊ-दहाच्या खाली ते जवळजवळ काम करत नाही.

युरिया विमानतळांवर बरीच वर्षं वापरात होता, आणि आपल्या शेतकरी डोक्याला तो लगेच सुचतो, गोणी घरात असते. उणे सातपर्यंत कसाबसा चालतो. त्यापुढे पांढरे दाणे पांढऱ्या बर्फावर पडून राहतात. विरघळून ओढ्यात गेला की पाण्यात अमोनिया होतो, म्हणून बऱ्याच विमानतळांनी तो सोडला.

सध्या हवाई क्षेत्रासाठी पोटॅशियम अ‍ॅसिटेट किंवा फॉर्मेटची द्रावणं आणि सोडियम फॉर्मेटचे दाणे वापरतात. मागवताना द्रवासाठी एएमएस १४३५ आणि दाण्यांसाठी एएमएस १४३१ हे मानक बिलावर आणि डब्यावर आहे का बघा, नुसतं "डीआयसिंग लिक्विड" म्हणून काही घेऊ नका. हेही निर्दोष नाहीत. पोटॅशियम अ‍ॅसिटेटचं द्रावण वीज वाहून नेतं, लाईटच्या जोडात शिरलं तर तिथे नवी तक्रार उभी राहते. कॅडमियमचा मुलामा असलेल्या भागांनाही ते चांगलं नाही. आपल्या हेलिकॉप्टरला कोणतं चालतं हे त्या कंपनीच्या मेंटेनन्सवाल्यांना लेखी विचारा.

रसायनानेही पुन्हा काच येते, आणि कारण परत पाणीच. बर्फ वितळतो तसं द्रावण पातळ होत जातं. पातळ झालं की त्याचा गोठणबिंदू वर चढतो आणि रात्री तेच पाणी गोठतं. त्यामुळे जाड बर्फावर ओतण्यात पैसे वाया जातात. आधी फावडं, मग वायपर, मग कोरड्या पॅडवर पातळ फवारा, बर्फ पडायच्या आधी. मग बर्फ काँक्रीटला चिकटत नाही आणि फावड्याने अखंड सुटतो.

वाळू किंवा खडीची कच टाकायची तर मुळीच नाही. पहिल्याच उतरण्यात ती पंख्याच्या पात्यांवर, इंजिनात आणि उभ्या माणसांच्या डोळ्यांत जाते.

पॅडच्या बाहेरचं

पॅड लख्ख आणि भोवती गुडघाभर भुरभुरीत बर्फ, हे काम अर्धवट आहे. शेवटच्या काही मीटरवर पंख्याचा वारा तो सगळा बर्फ उचलतो आणि वैमानिकाला समोर पांढऱ्याशिवाय काही दिसत नाही. आपल्या धुळीचंच हे दुसरं रूप. भोवतीचा भाग साफ करा, ते शक्य नसेल तर दाबून घट्ट करा. ढिगाची भिंत पॅडला लागून उभी करू नका; वारा तिच्यावर आपटून परत वर येतो, आणि शेपटीचा पंखा ढिगाला लागायचा धोका वेगळाच.

एलईडी लाईट लावल्यापासून दिव्यांवर बर्फ साचायची तक्रार नवी आहे. जुने हॅलोजन स्वतःच्या उष्णतेने काच साफ ठेवायचे, एलईडीची काच गार राहते. हीटरवाली काच घ्या, नाहीतर वायपर मारायच्या फेरीत दिवेही पुसा. वाऱ्याची दिशा दाखवणारा मोजा गोठून ताठ झालाय का, तेही त्याच फेरीत.

मुक्कामी हेलिकॉप्टर असेल तर हीटिंग बंद करून ओल्या पॅडवर ते रात्रभर ठेवू नका. स्किड, म्हणजे ज्यावर हेलिकॉप्टर उभं राहतं ती खालची दांडी, चिकटते. सकाळी एक स्किड सुटली आणि दुसरी चिकटलेली राहिली तर हेलिकॉप्टर वर जाण्याऐवजी त्या स्किडभोवती कलंडायला लागतं, आणि ते सावरायला वैमानिकाला फार थोडा वेळ मिळतो. स्किडखालची जागा वायपर आणि फडक्याने कोरडी करा, खाली प्लायवूडच्या पट्ट्या द्या, आणि सकाळी दोन्ही स्किड मोकळ्या आहेत हे हाताने आणि डोळ्याने बघूनच वैमानिकाला सांगा. उडण्याआधी त्या पट्ट्या आणि फडकी उचलून आत ठेवा, नाहीतर तीच वाऱ्यात उडतील.

फोन करण्याआधी

नाशकातून काही सांगायचं तर माझ्यासमोर चार गोष्टी हव्यात. ऊन येण्याआधीचा पॅडचा फोटो, चर आणि ढीग दिसतील असा. हीटिंग चालू असतानाचे तिन्ही फेजचे अँपिअर आणि त्याच वेळचं व्होल्टेज. ओल्या पॅडवरचा प्रत्येक सर्किटचा मेगर. आणि रात्री आभाळ कसं होतं, बर्फ पडला की निरभ्र होतं. एवढं असेल तर बहुतेक वेळा फोनवरच निकाल लागतो. नवीन केबल मागवायची झालीच तर एप्रिलमध्ये मागवा. काँक्रीट कापायचं काम आणि त्यावरचा भराव सुकायला उन्हाळाच लागतो. हिवाळ्यात केलेल्या जोडात ओल आधीच शिरलेली असते.